एच. पायलोरी पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली का?

सई_इंदिरानगर

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांचं वय ६४. गेले कित्येक महिने रिकाम्या पोटी छातीखाली कळ, रात्री दोन-तीनला उठून बिस्किट खाल्लं की बरं वाटतं, दिवसभर ढेकर. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. सासूबाई म्हणतात मिसळ, नवरा म्हणतो टेन्शन, सासरे स्वतः म्हणतात "काही नाही, गॅस आहे". शेवटी धरून-बांधून पोटविकारतज्ज्ञांकडे नेलं. एन्डोस्कोपी झाली. ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) छोटा अल्सर, जठराच्या खालच्या भागात सूज, आरयूटी (रॅपिड युरिएज टेस्ट) पॉझिटिव्ह. बायॉप्सीचा रिपोर्ट काल आला : 'क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, लिम्फॉइड फॉलिकल्स, एच. पायलोरी दिसले'. १४ दिवसांचा औषधांचा कोर्स सुरू केलाय.

औषधाबद्दल शंका नाही. माझं घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, हा जंतू बहुतेक लहानपणापासूनच पोटात असणार. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं! हा माणूस सर्दी-पडशानेही कधी आडवा पडला नाही. मग त्याच्या शरीराने इतकी वर्षं केलं तरी काय? शेजारचे काका रोज येऊन "इम्युनिटी डाऊन आहे, ती वाढवा" असं सांगून जातात. आतापर्यंत गुळवेलीचा काढा, आवळ्याचा रस आणि कुठलीशी पावडर घरात येऊन पडली आहे. प्रतिकारशक्ती खरंच कमी पडली का? जाणकारांनी सांगावं.

मिसळभक्त

आधी मिसळीवरचा आरोप बिनशर्त मागे घ्या, मग पुढची चर्चा. नाशकात राहून असं बोलवतं तरी कसं?

सूक्ष्मदर्शी

सईताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. रिपोर्टमध्ये जी सूज लिहिली आहे ना, ती प्रतिकारशक्तीच आहे.

आता सविस्तर. (मी इथल्याच एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांचं मला विचारू नका.)

रिकाम्या जठराचा सामू (पीएच) १ ते २ च्या आसपास असतो. पाण्यातून, पाणीपुरीतून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून आत गेलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. ही पहिली फळी, आणि तिच्यात पेशी वगैरे काही नाही, नुसतं आम्ल. हेलिकोबॅक्टर पायलोरीला आम्ल आवडतं म्हणून तो जठरात राहतो, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. उघड्या आम्लात तोही फार वेळ टिकत नाही. पण त्याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. जठररसात थोडा युरिया असतोच. तो फोडून हा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो, आणि अमोनियामुळे त्याच्या अंगाभोवतीचं आम्ल तेवढ्यापुरतं निकामी होतं. तेवढ्या अवधीत शेपटीसारख्या कशाभिका हलवत तो जठराच्या अस्तरावरच्या बुळबुळीत थरात, म्हणजे श्लेष्मात, शिरतो. त्या थराच्या तळाशी सामू जवळजवळ उदासीन असतो. तिथे त्याचा मुक्काम. पेशींच्या आत तो सहसा जात नाही, पेशींना चिकटून वरच राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

शरीराला पत्ता लागतो का? लागतो, पण हा जंतू ओळख लपवण्यात पटाईत आहे. टायफॉइडच्या जंतूच्या आवरणात जे लिपोपॉलिसॅकराइड असतं, त्याने आपल्या पेशी खडबडून जाग्या होतात, ताप चढतो. पायलोरीचं लिपोपॉलिसॅकराइड असं काही बदललेलं आहे की टीएलआर-४ हा जंतू ओळखणारा रिसेप्टर त्याची फारशी दखल घेत नाही. कशाभिकेतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन टीएलआर-५ या तशाच दुसऱ्या रिसेप्टरच्या हाती लागत नाही. वर कडी म्हणजे त्याच्या आवरणावरच्या साखरेच्या साखळ्या आपल्याच लुईस रक्तगटाच्या साखळ्यांशी मिळत्याजुळत्या असतात. म्हणून ताप नाही, थंडी नाही. तुमचे सासरे आडवे पडले नाहीत याचं एक कारण हे.

तरीही तो पकडला जातो. त्याच्या जास्त त्रासदायक जातींकडे एक सूक्ष्म नळी असते. तिच्यातून तो कॅग-ए हे प्रथिन थेट आपल्या पेशीत ढकलतो, आणि त्याच वाटेने त्याच्या पेशीभित्तिकेचे तुकडेही आत जातात. पेशीच्या आत नॉड-१ नावाचा रिसेप्टर असतो, तो हे तुकडे ओळखतो. मग एनएफ-कप्पा-बी नावाचा मार्ग चालू होतो आणि जठराची पेशी इंटरल्युकिन-८ हा संदेश सोडते. त्याचा अर्थ एकच : न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाठवा. आणि त्या येतात, रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून थव्याने येतात.

पुढचं संध्याकाळी. प्रॅक्टिकल आहे.

निफाडकर

सर, युरिया आणि अमोनियाचं आम्हाला नका सांगू. द्राक्षाला युरिया टाकून पाणी द्यायला उशीर झाला की अर्धा हवेत उडून जातो भो. हेच एन्झाइम का ते?

सूक्ष्मदर्शी

हेच. मातीतल्या कितीतरी जंतूंकडे युरिएज असतं, तेच तुमचा युरिया फोडतात. तुमचा पैसा उडतो, याचा जीव वाचतो.

निफाडकर

मग न्यूट्रोफिल एवढ्या थव्याने येतात तर मारत का नाही? पन्नास वर्षं काय हजेरी लावून घरी जातात का?

सूक्ष्मदर्शी

चोर पोटमाळ्यावर बसलाय आणि पोलिसांनी अंगणात लाठीमार सुरू केलाय, असं समजा. लाठ्या घरच्यांनाच बसतात.

न्यूट्रोफिलची हत्यारं म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, हायपोक्लोराइट आणि प्रथिनं कापणारी एन्झाइम्स. ही सगळी अस्तराच्या आत, ऊतीत सोडली जातात. जंतू बसलाय बाहेर, श्लेष्मात. थोडंफार त्याच्यापर्यंत पोचतं, तर त्याच्याकडे कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिसम्यूटेज ही दोन्ही एन्झाइम्स आहेत, तो पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतो. शिवाय त्याचा अमोनिया आणि न्यूट्रोफिलचं हायपोक्लोराइट एकत्र आलं की मोनोक्लोरामाइन तयार होतं, जे आपल्याच पेशींना घातक. मॅक्रोफेज पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून जंतू मारतात, त्यासाठी त्यांना आर्जिनिन लागतं. पायलोरी आर्जिनेज वापरून ते आर्जिनिनच खाऊन टाकतो.

लॅबमधली

स्लाइडवर हे अगदी असंच दिसतं. मी हिस्टोपॅथॉलॉजीत आहे, म्हणून रिपोर्टमधल्या शब्दांबद्दल सांगते.

आधी आरयूटी. एन्डोस्कोपी चालू असतानाच बारीक चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतात आणि पिवळ्या जेलमध्ये खुपसतात. जेलमध्ये युरिया असतो आणि फिनॉल रेड हा रंग. तुकड्यात पायलोरी असेल तर तिथेही तो युरिया फोडतो, अमोनिया सुटतो, आणि तुकड्याभोवती आधी नारिंगी, मग गुलाबी, मग चक्क राणी रंगाचं वर्तुळ पसरत जातं. जंतू भरपूर असले तर पेशंट खाटेवरून उठायच्या आत रंग बदललेला असतो. कमी असले तर तासन्‌तास वाट बघावी लागते.

बायॉप्सीत गिम्सा रंग दिला की ग्रंथींच्या तोंडाशी, श्लेष्मात, निळसर वाकड्या काड्या दिसतात, पेशींच्या कडेला दाटीने लागलेल्या. खालच्या ऊतीत बघावं तर लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी खच्चून भरलेल्या, म्हणून रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक'. आणि न्यूट्रोफिल पार ग्रंथींच्या भिंतीत घुसलेल्या, काही तर ग्रंथीच्या पोकळीत पडलेल्या, म्हणून 'ॲक्टिव्ह'. दोन्ही एकाच वेळी, एकाच तुकड्यात. बाकी शरीरात न्यूट्रोफिल आल्या, काम झालं, गेल्या असा हिशेब असतो. इथे त्या वर्षानुवर्षं येतच असतात. पहिल्यांदा शिकताना मला हेच विचित्र वाटलं होतं.

आणि लिम्फॉइड फॉलिकल, म्हणजे लिम्फोसाइटच्या गाठी. आतड्यात अशा गाठी जन्मापासून असतात. निरोगी जठरात जवळजवळ नसतात. त्या दिसल्या की आमचे सर पायलोरी सापडेपर्यंत स्लाइड सोडत नाहीत.

तात्या_पंचवटी

वाचतोय. पण एक विचारू का? रक्तात अँटिबॉडी तयार होत नाहीत का याच्याविरुद्ध? करोनात तर अँटिबॉडी-अँटिबॉडी करून डोकं खाल्लं होतं सगळ्यांनी.

सूक्ष्मदर्शी

होतात तात्या, भरपूर होतात. आयजीजी प्रकारच्या रक्तात, आयजीए प्रकारच्या जठररसात. पण रक्तातली आयजीजी श्लेष्मात बसलेल्या जंतूपर्यंत पुरेशी पोचत नाही, आणि आयजीए चिकटली तरी तेवढ्याने तो मरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत एक गंमत दिसली. ज्या उंदरांना बी-पेशीच नाहीत, म्हणजे अँटिबॉडी तयारच होत नाहीत, त्यांनाही लस दिली तर संरक्षण मिळालं. म्हणजे इथे खरी सूत्रं टी-पेशींच्या, म्हणजे हल्ल्याचं नियंत्रण करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, हातात आहेत.

याच टी-पेशींमुळे सईताईंच्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मिळतं. दोन प्रयोग सांगतो.

पहिला : ज्या उंदरांमध्ये टी आणि बी दोन्ही पेशी नाहीत, त्यांच्या पोटात पायलोरी सोडला. जंतू प्रचंड वाढले, पण जठर जवळजवळ निरोगी राहिलं. मग त्याच उंदरांना निरोगी उंदरांच्या प्लीहेतल्या पेशी टोचल्या. आता जंतू कमी झाले, आणि जठर सुजून लाल.

दुसरा : ज्या उंदरांमध्ये इंटरल्युकिन-१० हा सूज आवरणारा संदेश नाही, त्यांच्यात जठराची सूज भयंकर झाली. आणि जंतूही पार हटले.

म्हणजे हा जंतू जोर लावून हटवता येतो, पण त्याची किंमत जठर मोजतं. आपलं शरीर ती किंमत मोजत नाही. टी-हेल्पर १ आणि टी-हेल्पर १७ या पेशी हल्ला वाढवत असतात, त्याच वेळी नियामक टी-पेशी, ज्यांना टी-रेग म्हणतात, तो हल्ला दाबत असतात. जंतू या टी-रेगना हाताशी धरतो. व्हॅक-ए नावाचं त्याचं विष टी-पेशींना वाढूच देत नाही, इंटरल्युकिन-२ चा मार्गच अडवतं. लहान मुलांच्या जठरात टी-रेग मोठ्यांपेक्षा जास्त आणि सूज कमी आढळते. लागण बहुतेक वेळा लहानपणीच होते, आणि तेव्हाच हा तह होऊन जातो. पुढे आयुष्यभर ना पूर्ण युद्ध, ना पूर्ण शांतता.

आता सांगा, शेजारच्या काकांची पावडर यातल्या कुठल्या बाजूला जोर देणार आहे?

मिसळभक्त

काकांना लिंक पाठवा.

जुनंखोड

सगळं ठीक आहे, पण एक साधी गोष्ट कुणीच बोलत नाही. जगातल्या निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू आहे म्हणतात, आपल्याकडे तर त्याहूनही जास्त. म्हणजे या धाग्यावरच्या अर्ध्याहून अधिक आयडींच्या पोटात असणार. बहुतेकांना काही होत नाही. मग एन्डोस्कोपी करा, चार-चार गोळ्या खा, पुन्हा टेस्ट करा, हा सगळा धंदा नाही का? माझ्या आजोबांनी नव्वदीपर्यंत ठेचा-भाकरी खाल्ली, कुणी त्यांचं पोट उघडून बघितलं नाही.

पर्थवासी_नाशिककर

जुनंखोड, तुमच्यासारखंच जगातल्या बहुतेक पोटतज्ज्ञांचं १९८२ साली मत होतं, फक्त उलट्या टोकाने. जठरात जंतू राहूच शकत नाही, अल्सर म्हणजे आम्ल आणि मानसिक ताण, विषय संपला. मी राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये, रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट जठराच्या बायॉप्सीत वाकडे जंतू आणि त्यांच्याभोवतीची सूज पुनःपुन्हा बघत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू प्लेटवर वाढवायचे प्रयत्न फसत होते, कारण प्लेट दोन दिवसांत फेकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट इनक्युबेटरमध्ये तशाच राहिल्या, आणि जंतू उगवले.

तरी कुणी मानेना. डुकराच्या पिल्लांना लागण होईना. शेवटी १९८४ मध्ये मार्शलने एका पेशंटच्या जठरातून वाढवलेले जंतू स्वतःच पिऊन टाकले. बायकोला आधी सांगितलं नव्हतं! काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. एन्डोस्कोपी केली तर जठर सुजलेलं, बायॉप्सीत न्यूट्रोफिल आणि जंतू दोन्ही. आधी त्याचं जठर निरोगी असल्याचं तपासून ठेवलेलं होतं. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

प्रतिकारशक्तीच्या अंगाने यात बघण्यासारखं हे की त्याला लक्षणं आली. प्रौढ वयात, एकदम मोठ्या मात्रेत जंतू गेले आणि शरीराने आदळआपट केली. सईताईंच्या सासऱ्यांच्या शरीराची ही आदळआपट होऊन गेली असेल दोन-तीन वर्षांचे असताना. एखादा दिवस पोट दुखलं असेल, आईने हिंग लावला असेल, कुणाच्या लक्षातही नसेल.

जुनंखोड

पिणारा डॉक्टर आवडला. पण माझा मुद्दा तसाच आहे.

डॉ_पोटोबा

(मी जनरल प्रॅक्टिस करतो, सिडकोत. धागा उशिरा बघितला.)

जुनंखोड यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. लागण झालेल्यांपैकी बहुसंख्यांना आयुष्यात काहीच होत नाही. साधारण दहातल्या एकाला अल्सर होतो, जठराचा कॅन्सर फारच थोड्यांना. आपल्याकडे तर लागण इतकी आणि जठराचा कॅन्सर त्या मानाने कमी, हे कोडं अभ्यासकांना बरीच वर्षं छळतंय. जंतूच्या जाती, जेवण, आपली जनुकं, अशी कारणं देतात.

पण सूज मात्र लागण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला असते, त्रास असो वा नसो. प्रश्न असतो ती कुठे आहे. जठराच्या खालच्या भागात, ॲन्ट्रममध्ये असली तर तिथल्या सोमॅटोस्टॅटिन हे आवर घालणारं संप्रेरक बनवणाऱ्या पेशी कमी होतात, आम्ल वाढवणाऱ्या गॅस्ट्रिन या संप्रेरकावरचा लगाम सुटतो, आम्ल वाढतं, आणि ड्युओडेनमला अल्सर होतो. सईताईंच्या सासऱ्यांचा हा प्रकार. रात्री बिस्किट खाल्ल्यावर बरं वाटणं हे त्याचंच जुनं लक्षण. सूज जठरभर पसरली तर उलटं होतं. इंटरल्युकिन-१-बीटा हा सुजेतला संदेश आम्ल बनवणाऱ्या पेशींना थंड करतो, हळूहळू त्या पेशीच झिजतात, आम्ल कमी होतं, आणि कॅन्सरची वाट तिकडून जाते. ज्यांच्या जनुकांमुळे हे इंटरल्युकिन जास्त तयार होतं त्यांना धोका जास्त, असं २००० साली दाखवलं गेलं. म्हणजे पुन्हा तेच. जंतू तोच, पण ज्याची प्रतिक्रिया जास्त जोरकस त्याला जास्त धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच याला पहिल्या गटातल्या कर्करोगकारकांत टाकलंय.

ज्याला अल्सर आहे, त्याने "सगळ्यांनाच असतो" म्हणून सोडून देणं हे बरोबर नाही. नुसत्या ॲसिडिटीच्या गोळीने अल्सर भरतो आणि वर्षभरात परत येतो. जंतू काढला की सहसा परत येत नाही.

जुनंखोड

बरं. अल्सरवाल्यांपुरतं मान्य. बाकीच्यांचं बघू.

लॅबमधली

फॉलिकलचं राहिलंच. ज्या लिम्फॉइड गाठी शरीराने जंतूशी लढायला उभ्या केल्या, त्यातल्या बी-पेशींचा फार क्वचित लिम्फोमा होतो, त्याला माल्ट लिम्फोमा म्हणतात. आणि सुरुवातीच्या टप्प्यात तो पायलोरीचा अँटिबायोटिक कोर्स दिला की बऱ्याच पेशंटमध्ये विरघळून जातो. किमोथेरपी नाही, काही नाही. चिथावणीच थांबते ना. सासऱ्यांच्या रिपोर्टमध्ये असं काही नाही हो सईताई, फॉलिकल म्हणजे लिम्फोमा नव्हे, घाबरू नका.

सई_इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पोटमाळ्यावरच्या चोराला ते फार हसले.

आता नवीन भानगड. नवऱ्याने हौसेने एका लॅबमधून 'फुल बॉडी पॅकेज' केलं, त्यात एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह आली. तिथल्या माणसाने फोनवरच "इन्फेक्शन आहे, वडिलांचीच औषधं तुम्ही पण सुरू करा" असं सांगितलं! नवऱ्याला काडीचा त्रास नाही.

डॉ_पोटोबा

अजिबात सुरू करू नका. फोनवर औषध सांगणाऱ्याला काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

आयजीजी म्हणजे शरीराची आठवण. जंतू आत्ता आहे, की कधीकाळी होता आणि दुसऱ्या कशासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने गेला, हे त्यातून कळत नाही. जंतू गेल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. चालू लागण बघायची तर दोन टेस्ट : युरिया ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन. ब्रेथ टेस्टमध्ये कार्बन-१३ असलेला युरिया प्यायला देतात, जंतू असेल तर तो फोडतो आणि तोच कार्बन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो.

घरात एकाला अल्सर निघाला की इतरांची तपासणी करावी का, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. हा जंतू घराघरातच पसरतो, एकमेकांचं उष्टं, न धुतलेले हात. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झालाय, ज्यांना रोज ॲस्पिरिन किंवा संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागतात, ज्यांचं हिमोग्लोबिन कारण न कळता सतत कमी राहतं, त्यांनी नक्की विचारावं. आणखी एक अवचित यादीतलं : रक्तातल्या प्लेटलेट कमी होण्याचा आयटीपी हा आजार. त्यात शरीर स्वतःच्या प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि पायलोरी काढल्यावर काही पेशंटच्या प्लेटलेट वाढतात.

काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, वजन उतरणं, गिळताना अडकणं, यातलं काही असेल तर धाग्यावर विचारू नका, सरळ दवाखाना गाठा.

तात्या_पंचवटी

डॉक्टरसाहेब, काळ्या शीचंच विचारणार होतो. माझ्या मेहुण्याला हाच कोर्स चालू आहे, त्याला चौथ्या दिवसापासून काळी होतेय आणि घरात रडारड.

डॉ_पोटोबा

त्याच्या गोळ्यांत बिस्मथ आहे का बघा. असेल तर शी काळी होणारच, जीभही काळपट होते. बिस्मथची काळी शी घट्ट असते. रक्ताची चिकट, चकाकणारी आणि विचित्र वासाची. चक्कर, घाम, नाडी जलद असं काही असेल तर थांबू नका. शंका वाटली तरी त्याच्या डॉक्टरांना आजच फोन करा.

आपल्याकडे मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे पायलोरी फार आहेत, क्लॅरिथ्रोमायसिनलाही वाढत चाललेत. म्हणून हल्ली बिस्मथसकट चार औषधं, १४ दिवस. कडू तोंड, मळमळ होते. बरेच जण आठव्या दिवशी "आता बरं वाटतंय" म्हणून सोडतात आणि अर्धमेले जंतू शिकून-सवरून परत येतात. मेट्रोनिडाझोल असेपर्यंत दारूचा थेंब नको, हे नाशकात वेगळं सांगावं लागतं.

मिसळभक्त

वाइन पण?

डॉ_पोटोबा

वाइन पण.

निफाडकर

आमच्या पोटावर पाय 😄. सर, करोनाची लस वर्षभरात आली, याची चाळीस वर्षांत का नाही आली भो?

सूक्ष्मदर्शी

नैसर्गिक लागण होऊनही जिथे शरीराला प्रतिकार साधत नाही, तिथे लस बनवणं अवघडच. गोवर एकदा झाला की जन्मभर होत नाही, लसीने त्याचीच नक्कल करायची असते. इथे नक्कल करायला काही नाही. निसर्गाला जमलं नाही ते लसीने करून दाखवायचं, तेही टी-पेशी पुरेशा भडकवून पण जठर न सुजवता.

तरी एक प्रयत्न बराच पुढे गेला होता. चीनमध्ये ६ ते १५ वर्षांच्या मुलांना युरिएजच्याच एका भागापासून केलेली तोंडाने घ्यायची लस दिली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, पहिल्या वर्षात ७१.८ टक्के संरक्षण. पुढच्या वर्षांत ते घटत गेलं.

अवांतर : १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओत्झी माहीत असेल, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या जठरातल्या पायलोरीचं जनुकीय वाचन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. युरोपात मेलेल्या या माणसाच्या पोटातली जात आजच्या मध्य आणि दक्षिण आशियातल्या जातींशी सगळ्यात जवळची निघाली. आणि सूज आल्यावर दिसणारी प्रथिनंही सापडली. माणूस आफ्रिकेतून निघाला तेव्हापासून हा जंतू त्याच्या पोटात आहे. इतकं जुनं नातं असल्यावर दोघांनीही एकमेकांच्या खोड्या पाठ केलेल्या असणार. काही संशोधक तर म्हणतात की लहानपणची लागण टी-रेग वाढवून दम्यापासून थोडं संरक्षण देते. पुरावा वादग्रस्त आहे, म्हणून पोटात जंतू पाळायला कुणी जाऊ नये.

सई_इंदिरानगर

कोर्स संपला. रात्रीचं उठणं बंद झालंय. काढा मीच बंद केला, काकांना राग आलाय. आता महिन्याने जंतू गेला की नाही बघायला सांगितलंय, स्टूल अँटिजेन. नवऱ्याचीही त्याच वेळी करू म्हणतात. ॲसिडिटीची गोळी तोपर्यंत चालू ठेवायची का?

डॉ_पोटोबा

टेस्ट अँटिबायोटिक आणि बिस्मथ संपल्यावर निदान ४ आठवड्यांनी. पँटोप्राझोलसारखी गोळी टेस्टच्या आधी २ आठवडे बंद हवी, नाहीतर जंतू दबलेले असतात आणि खोटी निगेटिव्ह येते. अल्सर होता म्हणून ती कधी थांबवायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. मध्ये जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं.

लॅबमधली

आणि सॅम्पल लॅबच्याच डबीत, लघवी-पाणी न मिसळता. लगेच देता येत नसेल तर डबी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. दोन डब्यांवर नावं आधी लिहा, बाप-लेकाचं आडनाव एकच असतं आणि सकाळच्या गडबडीत आमच्याकडे नुसतं आडनाव लिहिलेल्या डब्या येतात.